बाजा बरा होता

भाईंना कुठलाही आवाज कागदावर काढून दाखवता यायचा. सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन आला की त्याच्या रबरी भोंप्याचा आवाज ते वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने काढत. एक जाड चढ, माथ्यावर दोन खाचा आणि मग सरळ खाली पडलेली रेघ. स्कूटरचा आवाज निराळा, देवळातल्या घंटेचा निराळा, त्यांच्या बायकोने, म्हणजे वैनींनी, आतून मारलेल्या हाकेचा तर फारच निराळा. प्रत्येकाचा फक्त एकच फेरा काढायचा. "फुडे तोच परत परत येता. कागद कित्या नासवूचो?" असे त्यांचे म्हणणे.

मला हे थोतांड वाटायचे. पुढे भाईंच्या दुकानात एक जुना ऑसिलोस्कोप आला. आवाजाची लाट पडद्यावर हिरव्या रेघेत दाखवणारे ते यंत्र. मी त्याला माइक जोडला आणि पोदेराला दारात उभे करून भोंपा वाजवायला लावला. पडद्यावर माथ्याला दोन खाचा आल्या. पोदेर म्हणाला, "माझो फोटो खंय असा?" त्या दिवसापासून मी भाईंच्या चित्रांवर शंका घेणे सोडले.

भाईंचे पेडण्याच्या बाजारात दुरुस्तीचे दुकान होते. रेडिओ, टीव्ही, भजनी मंडळांचे अँप्लिफायर, देवळांचे भोंगे. मी इब्रामपूरची. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स करून बाहेर पडले, तेव्हा मुलीला दुकानात बसवायला कोणी तयार नव्हते. भाईंनी माझे सर्टिफिकेट बाजूला ठेवले आणि समोर कागद सरकवला. म्हणाले, "ह्या पंख्याचो आवाज काढ." मी पुस्तकात असते तशी गुळगुळीत साइन वेव्ह काढली. ते पोट धरून हसले. "अगो, पंखो कधी पुस्तक वाचता?" मग म्हणाले, "फाल्यां सकाळी नऊ वाजता ये." मी नऊ वर्षे गेले.

गिऱ्हाइकाने आपणच रोग ओळखून आणलेला त्यांना चालत नसे. कोणी म्हणाला, "भाई, हेचो ट्रान्सफॉर्मर गेलो," की ते वस्तू हातातही घेत नसत. "ट्रान्सफॉर्मर ऱ्हवांदे. आवाज कसो येता, तां सांग." मग तो बिचारा देवळाचा अध्यक्ष असला तरी आमच्या बाकावर बसून घुर्रऽऽ करून दाखवी. एकदा दोन अध्यक्ष एकाच वेळी घुर्र करत बसले होते. भाई दोघांकडे कान लावून ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. हसू मला आले, म्हणून मला मागच्या खोलीत पाठवले गेले.

त्यांचा बाजा म्हणजे खरे तर हायब्रिड सिंथेसायझर. गावात सगळे बाजाच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. हरमलला किनाऱ्यावर सहा महिने राहिलेला एक परदेशी माणूस देशाला परत निघाला होता. खाऱ्या हवेने त्याचे वाद्य बंद पडले होते आणि आत मुंग्यांनी घर केले होते. तो ते टाकून देणार, एवढ्यात कोणीतरी त्याला भाईंचे दुकान दाखवले. वाद्याच्या बदल्यात त्याने एक छोटा ट्रान्झिस्टर आणि वैनींच्या हातचे आंब्याचे लोणचे नेले. दोघांनाही आपण दुसऱ्याला फसवले असे वाटत होते, त्यामुळे निरोप फार प्रेमाचा झाला.

त्या पावसाळ्यात आम्ही तो बाजा सुटा करून पुन्हा जोडला. आत काय आहे ते भाईंनी मला वैनींच्या स्वयंपाकघरात समजावले. त्यात एका चिपवर लाटांचे आकार आकड्यांत लिहून ठेवलेले असतात. एका फेऱ्याला चौसष्ट आकडे. कळ दाबली की ते आकडे भराभर वाचले जातात आणि आवाज होतो. पण आकड्यांचा आवाज कच्चा, कोपऱ्याकोपऱ्यांचा. म्हणून पुढे जुन्या पद्धतीचा फिल्टर बसवलेला. तिथे आकडे नाहीत, नुसती वीज वाहते आणि वरची धार गाळली जाते. म्हणून हे वाद्य अर्धे आकड्यांचे, अर्धे विजेचे. वैनी तेव्हा सोलकढीसाठी नारळाचा रस काढत होत्या. भाई म्हणाले, "हां बघ. वाटलेला खोबरां तसाच खाल्लास तर घशाक लागता. फडक्यातसून पिळलास की रस. फडकां किती घट धरूचा, तां हात ठरयता." वैनी म्हणाल्या, "मगे हात लावा. नुसते बोलतात कित्याक?" भाईंनी खरेच नारळ पिळला आणि वाद्याचा धडा तिथेच संपला.

फिल्टरला आम्ही चाळण म्हणू लागलो. चाळणीला शून्य ते नव्याण्णव असा आकडा देता येई. आकडा कमी, तर चाळण घट्ट आणि आवाज मऊ. आकडा जास्त, तर चाळण सैल आणि आवाज धारदार. कळ सोडल्यावर आवाज किती वेळ रेंगाळेल, त्या शेपटीलाही असाच आकडा असे. हे एवढे लक्षात ठेवावे, पुढे त्याचेच काम आहे.

ज्याने हे वाद्य आखले त्या अनोळखी माणसाबद्दल भाई असे बोलत, जणू तो पलीकडच्या वाड्यावर राहतो. कंपनीचे नाव ते कधी घेत नसत. नुसते 'तो मनीस'. त्या माणसाने समोर बटणांची गर्दी केली नव्हती. सगळ्या कामांना मिळून एकच सरकता दांडा आणि दोन आकडे दाखवणारी लाल खिडकी. "तो मनीस एक तर कंजूस असतलो, नाय तर शाणो," भाई म्हणायचे. डाव्या हाताला लाटांचे आकार छापलेले होते, करवतीचा, पायरीचा, घंटेचा. ते पाहून भाईंना आपला भाऊ भेटल्यासारखे झाले होते. पण त्यांना सगळ्यात आवडे ती आठवण पुसण्याची कळ. ती वाद्याच्या पाठीमागे, हात पोचणार नाही अशा जागी होती. "रागान हात मारलो तरी आवाज पुसूचे नाय, म्हणून थंय ठेवल्यान. तो मनीस नाटकवाल्यांका वळखता."

नाटकवाल्यांना भाई चांगले ओळखत. आमच्याकडे देवाच्या जत्रेला गावकऱ्यांनी स्वतः नाटक करायचे ही रीत. दुकानदार राजा होतो, कारकून राक्षस होतो आणि भाई रंगमंचाच्या डाव्या अंगाला बाजा मांडून बसतात. त्या माणसाने दिलेल्या लाटांवर भाईंचे भागत नसे. या बाजात आपली स्वतःची लाटही घालता येई. ते आलेखाच्या कागदावर शंखाची लाट काढायचे, मी चौसष्ट आकडे मोठ्याने वाचायचे आणि ते एकेक दाबायचे. मध्ये गिऱ्हाईक आले की आकडा चुके आणि पुन्हा पहिल्यापासून. शंख झाला, तेरेखोलच्या फेरीबोटीचे इंजिन झाले, मेघगर्जना झाली. असे चौसष्ट आवाज जमले. लाटांचे आकडे, कुठल्या आवाजाला चाळण किती, शेपूट किती, ते सगळे मी एका लांब वहीत लिहून ठेवले, कारण भाईंचा स्वतःच्या हाताच्या आठवणीवर विश्वास होता आणि माझा नव्हता. नटमंडळी आकड्यानेच मागत. "भाई, माझ्या येण्याक सतरा लावा हां!" एके वर्षी राजा आणि राक्षस दोघांनाही सतराच हवा होता. तीन दिवस त्यांचे एकमेकांशी बोलणे नव्हते.

मग माझे लग्न झाले, मी डिचोलीला आले आणि बाजारात स्वतःचे दुकान टाकले. दुकान उघडले त्या दिवशी भाई आले, खुर्चीत बसले, डोळे मिटून पाच मिनिटे ऐकले आणि म्हणाले, "तुझो पंखो वंगण मागता." एवढा आशीर्वाद देऊन ते बसने परत गेले.

वर्षातून एकदा जत्रेच्या नाटकाला मी पेडण्याला जातच असे. पाच वर्षांपूर्वीपासून मला काहीतरी खटकू लागले. शंख कानाला टोचत होता. पुढल्या वर्षी जास्त टोचला. समोरच्या रांगेतल्या बायका कोणी काही न बोलता खुर्च्या उजवीकडे सरकवत होत्या. आवाजाच्या मिक्सरवर बसलेल्या माणसाने वरच्या सुरांचा दांडा तळाला नेऊन त्यावर चिकटपट्टी लावली होती. एका नटाच्या कानात, टोपाच्या आत, मी स्वतः कापूस पाहिला. आणि नाटक संपल्यावर सगळे रांगेने भाईंकडे येऊन म्हणत होते, "भाई, बरां झालां हां!" मीही म्हणाले. मला वाटले, त्यांचा बाजा, त्यांनी मुद्दाम तसे केले असेल. खरे सांगायचे तर मला तोंड उघडायचे नव्हते.

गेल्याच्या गेल्या वर्षी, जत्रेला महिना होता, तेव्हा तात्या माझ्या डिचोलीच्या दुकानात आले. तात्या म्हणजे नाटकाचे व्यवस्थापक. पेडण्यात त्यांचे कापडाचे दुकान आहे. हातात बिघडलेला माइक होता, पण माइक हे निमित्त होते.

"बाय, एक इचारूचां होतां," ते म्हणाले. "म्हापशाचो एक पोरगो पेनड्राइव्हार सगळे आवाज घालून देता. सतरा, अठरा, काय जाय तां."

"मग भाई?"

"तांच तर. भाईंका सांगतलो कोण? आमी असां ठरयलां, की यंदा रंगमंच ल्हान केलोसा, बाजाक जागो नाय, असां सांगूचां."

"तात्या, रंगमंच दगडी आहे. तो लहान कसा होणार?"

तात्यांनी माइककडे पाहिले. "म्हणानच तुका इचारूक इलंय," ते म्हणाले.

मी त्यांना काही सुचवले नाही. भाई एकोणीसशे कितीपासून त्या डाव्या अंगाला बसत होते ते त्यांनाही आठवत नव्हते. तिथून त्यांना उठवायचे आणि कारणही खोटे सांगायचे, हे मला पचत नव्हते. पण खरे कारण काय, ते मलाही ठाऊक नव्हते. म्हातारपणी माणसाची आवड बिघडते की काय, एवढेच वाटले.

चार दिवसांनी भाईंचाच फोन आला. "बाय, बाजाची चाळण बुजली. आवाजाक धार ऱ्हवली नाय. दरवर्साक आकडो वाडयतंय, तरी मऊच. चीप म्हातारी झाली असतली. खंय नवी गावता काय बघ."

त्या चिपा बनायच्या बंद होऊन किती वर्षे झाली कोण जाणे. मी शोधल्या, नाही मिळाल्या. रविवारी ऑसिलोस्कोप आणि ती जुनी वही पिशवीत घालून मी पेडण्याची बस धरली.

भाईंचे दुकान आता बंद होते, बाजा घरीच होता. चादर काढून त्यांनी तो आधीच चालू करून ठेवला होता, कारण चाळण तापल्याशिवाय तिचा न्याय करायचा नाही हा त्यांचा जुना नियम. भाई सत्तरी ओलांडलेले, हात मात्र अजून थरथरत नव्हते. वैनींनी चहा आणि उंडे पाव ठेवले आणि त्या जनेलाजवळ, खिडकीच्या उजेडात, तांदूळ निवडायला बसल्या.

बाजा उघडताना मी एक दुसरेच काम आधी काढले. आतला आठवण राखणारा सेल संपत आला होता. तो काढला तर चौसष्टच्या चौसष्ट आवाज पुसले जाणार. म्हणून सगळे आकडे आधी कागदावर उतरवून घेणे भाग होते. लाल खिडकीत येतील तसे मी लिहीत गेले. लाटांचे आकडे माझ्या जुन्या वहीतल्यासारखेच होते, एकही हललेला नव्हता. चाळणीचे आकडे मात्र सगळे वर गेले होते. शंख वहीत अठ्ठेचाळीस, आता त्र्याऐंशी. घंटा चाळीस, आता एकोणऐंशी. चौसष्ट आवाज, आणि एकही खाली आलेला नाही.

मग मी चाळण तपासली. आत मोजलेली लाट सोडली, बाहेर काय येते ते पडद्यावर पाहिले. अठ्ठेचाळिसाला जेवढी धार यायला हवी तेवढी येत होती. चीप ठणठणीत होती. माझ्याच कानांनी ऐकले, शंख अठ्ठेचाळिसाला गोड लागत होता आणि त्र्याऐंशीला दात आंबत होते.

"भाई, हा कसा वाटतो?" मी अठ्ठेचाळीस लावून विचारले.

"गोणपाट घातल्यावरी."

"आणि हा?" मी त्र्याऐंशी लावले. जनेलाजवळ वैनींचा हात तांदळातच थांबला.

"ह्यो थोडो बरो. पण अजून व्हयो."

मी वैनींकडे पाहिले नाही. मला एव्हाना कळले होते आणि मला भीती वाटत होती, हे कबूल करते. माझ्या सासऱ्यांना असेच कमी ऐकू येऊ लागले होते आणि त्यामागे डोक्यातली गाठ निघाली होती. पण आज हा माणूस दुखावेल म्हणून गप्प बसले, तर महिन्याभराने तो दगडी रंगमंच लहान झाल्याची गोष्ट ऐकणार होता.

मी बाजा बाजूला ठेवला आणि साधा एकसुरी आवाज सोडणारे छोटे यंत्र स्पीकरला जोडले. पडदा भाईंच्या समोर फिरवला. सांगितले, "मी सूर हळूहळू वर नेते. थांबला की बोट वर करा."

सूर चढू लागला. पडद्यावरची लाट जवळ जवळ येत गेली. भाई मान तिरकी करून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी बोट वर केले.

"केदना बंद केलंस?"

"बंद करूक नाय, भाई."

त्यांनी पडद्याकडे पाहिले. हिरवी रेघ नाचत होती. ते जवळ सरकले, चष्मा वर केला. मग हात लांब करून त्यांनी स्पीकरच्या कागदावर बोट टेकले. कागद थरथरत होता.

"तुका आयकाक येता?"

"येता."

"हिका?"

वैनी म्हणाल्या, "माज्या कानाचे दडे बसले. बंद कर गो बाय."

मी बंद केले. माझ्या कागदावरचे आकडे भाईंनी एकदा वरून खाली वाचले, जुनी वही ओढून तीही वाचली. मी मनात दोन-तीन वाक्ये तयार करत होते, एकही चांगले नव्हते.

मग त्यांनी बाजावर हात ठेवला आणि एकदम हसून म्हणाले, "म्हणजे बाजो बरो असा!"

"बाजा अगदी बरा आहे."

"अगो, तीन वर्सां माका झोप नाय! ही चीप गेली तर जगात दुसरी नाय. कानाचा काय? कानाक मशीन गावता!"

वैनी तांदळाचे सूप खाली ठेवून म्हणाल्या, "तीन वर्सां मी सांगतंय, टीव्ही बारीक करा, टीव्ही बारीक करा." तर भाई म्हणतात, "तुज्या आवाजाची धार गेली असां माका वाटलां. म्हटलां, वयान जाता." वैनींनी त्यांना उत्तर दिले ते छापण्यासारखे नाही.

चहा झाल्यावर भाई गंभीर झाले. "गेल्या वर्साक तू तिसऱ्या रांगेत होतंस."

"होते."

"तुका टोचलां नाय?"

"टोचले."

"आणि माका काय म्हणालंस?"

"बरां झालां म्हणाले."

ते रागावले नाहीत, पण वैनींनी पुढे केलेला उंडा त्यांनी घेतला नाही. "हां बघ, नट खोटां बोलतत, तेंचो तो धंदोच. तू मेकॅनिक. मेकॅनिकान गप ऱ्हवाचां नाय. गप ऱ्हवान यंत्रार उपकार नाय आणि मालकारय नाय." माझ्या दुकानात हे वाक्य मी कुठे लिहून लावलेले नाही. लावायची गरज पडत नाही.

आठवड्याने मीच त्यांना म्हापशाला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. माझ्या डोक्यात सासऱ्यांची ती गाठ घोळत होती, पण मी कोणाला बोलून दाखवले नव्हते. डॉक्टरांनी सगळे तपासले आणि म्हणाले, वयाचे आहे, आणि जन्मभर कानाला स्पीकर लावून बसल्याचे आहे, बाकी काही नाही. मी इतकी खूश झाले की डॉक्टरांना वाटले मी भाईंची मुलगी. ऐकू न येणाऱ्या सुरांचा आलेख कागदावर छापून आला, तो भाईंनी डॉक्टरांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला. "हां बघ गो, माज्या कानाची चाळण. हंयसून कशी पडली!" तो आलेख त्यांनी बाजाच्या झाकणात चिकटवला. त्याच्या डाव्या हाताला लाटा छापलेल्याच होत्या.

मशीन कानात बसले त्याच संध्याकाळी तालीम होती. भाईंनी मला थांबवून घेतले. नवा सेल बसवून मी जुन्या वहीतले आकडे परत भरले होते, पण भाईंनी शंख मुद्दाम पुन्हा त्र्याऐंशीला नेला. सगळे जमल्यावर त्यांनी कळ दाबली आणि स्वतःच खुर्चीतून अर्धे उठले.

"अरे देवा! हां तुमी तीन वर्सां सोसलात?"

राजाने राक्षसाकडे पाहिले.

"तात्या, हां तुमी सोसलात?"

"सोसलां, भाई," तात्या म्हणाले.

"आणि येक जाण बोलूक नाय?"

"तुमका सांगतलो कोण, भाई? आमचो बापूससुदां तुमच्यासमोर आवाज काढीत नव्हतो."

"तो काढीत नव्हतो, कारण तेका सूर नव्हतो!" भाई म्हणाले. पहिल्यांदा राक्षस हसला, मग सगळेच. त्या हशात तात्यांनी खिशातला पेनड्राइव्ह हळूच माझ्या पिशवीत टाकला. मी तो परत दिला नाही. चांगला होता, दुकानात वापरते.

त्या दिवशी भाईंनी नवा नियम केला. पहिल्या तालमीला प्रत्येकाने बाजावाल्याची एक तरी चूक त्याच्या तोंडावर सांगायची. सांगणार नाही त्याला सतरा मिळणार नाही. सुरुवातीला मंडळी घाबरत बोलली, पण आमच्या माणसांना एकदा मोकळीक दिली की मग थांबवावे लागते. तासाभराने भाईंच्या शर्टाच्या रंगावर टीका चालू झाली, तेव्हा वैनींनी चहा आणला.

जत्रेला शंख वाजला. मी तिसऱ्या रांगेत होते आणि माझे हात मांडीवर होते, कानांवर नव्हते. त्यानंतर भाई आणखी एक वर्ष वाजवायला बसले. नंतर हृदयाने दगा दिला आणि त्यांना अंथरूण धरावे लागले.

यंदा जत्रेच्या आधी मी त्यांना भेटायला गेले. माझ्या आधी गावातले पाच-सहा जण येऊन गेले होते. भाईंच्या कानात मशीन होते, आवाज खोल गेला होता. मी बसल्याबरोबर त्यांनी विचारले, "कसो येता माजो आवाज? मेकॅनिक म्हणान सांग."

मी ऐकले. म्हटले, "श्वास अर्ध्यावर तुटतो, भाई. मागच्या महिन्यापेक्षा जास्त. यंदा तुमच्याने बसवणार नाही."

वैनींनी माझ्याकडे रागाने पाहिले. भाईंनी डोळे मिटले आणि त्यांचे खांदे उशीवर सैल पडले.

"हां. आता बरां वाटलां," ते म्हणाले. "सकाळधरून जो येता तो म्हणता, भाई, बरे दिसतात. माका वाटलां, माजेच कान परत गेले. सांग तात्याक, यंदा मास्तराक बसव. त्या शाळेच्या. हात बरो असा तेचो."

मग ते सावकाश, मध्ये मध्ये थांबत, कामाचे बोलले. कुठल्या आवाजाला तापायला वेळ लागतो, कुठली कळ जरा दाबून धरावी लागते. मी उठले तेव्हा म्हणाले, "एकतीस नंबरची शेपूट लांब झाली. देव येता तो आवाज. अठ्ठावन्न असा, तेचो चाळीस कर. किती दिसांपासून मनात असा."

"करते," मी म्हणाले.

त्यानंतर नऊ दिवसांनी भाई गेले.

जत्रेच्या तालमीला मी जुनी वही घेऊन गेले. मास्तर घामाने भिजून बाजासमोर बसले होते, कारण त्यांच्या चुका सांगायला सगळी मंडळी रांगेत उभी होती. मी एकतीस नंबर काढला आणि चाळीस केला. देव झालेला कारकून पायऱ्या चढून येऊ लागला आणि तो मधोमध पोचायच्या आधीच आवाज संपला. उरलेली चार पावले देवाला मुक्यानेच चालावी लागली. पुन्हा करून पाहिले, पुन्हा तेच. अंथरुणावरून भाईंना आवाज आठवत होता, रंगमंचाची लांबी आठवत नव्हती.

मी अठ्ठावन्न परत लावले. देव मधोमध येऊन उभा राहिला आणि तेव्हा आवाज थांबला.

घरी पोचल्यावर मी वैनींना फोन केला आणि सांगितले, एकतीस नंबरचे भाईंचे चुकले होते, मी पहिल्यासारखे केले आहे. मला वाटले, फोन तुटला. मग ऐकू आले, त्या हसत होत्या.